घर पाहावे उन्हात बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. लग्न मी चाळीस वर्षांपूर्वी करून पाहिले आणि त्यातून सहीसलामत निभावलो. तेव्हा निवृत्तीनंतर घराच्याही वाटेला जावे, असे मनात आले. घर म्हणजे नवे बांधायचे नव्हते. डोंबिवलीचे बिऱ्हाड मुलाच्या हवाली करावे, कुठेतरी खेड्यात जाऊन राहावे आणि दिवा, पंखा, फ्रीज हे सारे सूर्यनारायणाच्या कृपेवर चालवावे, एवढाच बेत होता.

मी जन्मभर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम फळ्यावर हजार वेळा लिहिला असेल. पण घरचे विजेचे बिल मात्र सौ.च भरत असे. त्यामुळे हा बेत मी जाहीर केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, खेडे कोणते? तुमचे की माझे?"

या एका प्रश्नावर पुढे आमची दोन वर्षे गेली.

माझे खेडे दापोली तालुक्यात. समुद्रापासून चार-पाच मैलांवर जांभ्या दगडाचे वडिलार्जित घर, पुढे खळे, मागे आगर, आणि घराच्या दक्षिणेला माझ्या जन्माच्या वर्षी नानांनी लावलेला फणस. माझे लग्न मात्र घाट ओलांडून झाले. सौ.चे माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यात. मेहुण्यांची वस्ती गावापासून दूर, शेतात आहे. तिथे नजर जाईल तिकडे माळ, माळावर बोरी-बाभळी आणि वर नुसते आकाश.

कोकणात वर्षाला सव्वाशे-दीडशे इंच पाऊस कोसळतो. माणात वीस इंच पडला तर लोक देवाला नारळ फोडतात. तेव्हा सोलरसाठी माण चांगले, कोकण वाईट, हे कोणीही डोळे मिटून सांगेल. मीही तसेच सांगितले असते. पण शिक्षकाला डोळे मिटून उत्तर दिल्याचे कधी खपत नाही, म्हणून वही घेऊन बसलो.

या हौसेमागे एक वेगळेच कारण होते, ते आधी सांगतो.

सौ.ला मधुमेह आहे. गेली कित्येक वर्षे ती इन्शुलिन घेते. २०२०च्या मार्चमध्ये आम्ही चार दिवसांसाठी म्हणून दापोलीला गेलो आणि टाळेबंदीत तिथेच अडकलो. तीन जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याचा तडाखा दापोली-मंडणगडलाही बसला. दुपारच्या दोन-तीन तासांत आगरातली माडपोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. विजेचे खांब तर वाटेत आडवेच पडले होते. वायरमन बिचारे चिखलातून खांब ओढत होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आमच्या वाडीत वीज आली ती तब्बल चोवीस दिवसांनी.

वापरात असलेली इन्शुलिनची बाटली बेताच्या हवेत सुमारे चार आठवडे टिकते. पण शिल्लक साठा दोन ते आठ अंशांतच ठेवावा लागतो. आमच्याकडे तीन महिन्यांचा साठा होता आणि वाहने बंद असल्यामुळे दुसरा मिळेल याची खात्री नव्हती. मी पदार्थविज्ञानाच्या आधाराने माठ आणला, भोवती ओली वाळू रचली आणि बाटल्या आत ठेवल्या. उष्णतामापक लावून पाहिले, तर बाहेर एकोणतीस आणि माठात सत्तावीस! माठ गार होतो तो पाणी उडून जाते म्हणून. जूनच्या कोकणात हवाच पाण्याने इतकी भरलेली की आणखी पाणी उडणार कुठे? हाच माठ मेहुण्यांच्या ओसरीवर एप्रिलात ठेवला असता, तर हात लावताच शिरशिरी आली असती.

शेवटी तीन मैलांवर एका गृहस्थांकडे डिझेलचे जनित्र होते, त्यांच्या फ्रीजमध्ये बाटल्या नेऊन ठेवल्या. चिखलातून ती पिशवी छातीशी धरून चालताना मी मनाशी ठरवले, की यापुढे ज्या घरात राहीन तिथला फ्रीज तारेवर विसंबून राहणार नाही.

आता वहीकडे वळू.

ऊन मोजायचे एक साधे माप आहे. एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात किती युनिट ऊन पडते, ते पाहायचे. भर माध्यान्हीचे कडक ऊन तासभर पडले, तर ते सुमारे एक युनिट होते. आपल्या हवामान खात्याने १९५७च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून अशी मोजणी पद्धतशीर चालवली आहे, आणि जागतिक बँकेने २०१७ साली खुल्या केलेल्या नकाशावर तर आपल्या गावावर बोट ठेवले की तिथले ऊन कळते. मी दोन्ही गावांवर बोट ठेवले आणि चकितच झालो. वर्षाची सरासरी दोन्हीकडे पाच-साडेपाच युनिटांच्या आसपास! फरक असलाच तर उन्नीस-बीसचा.

"म्हणजे माझे माहेर आणि तुमचे गाव सारखेच की!" सौ. म्हणाली.

"सरासरीने," मी म्हणालो. "पण नदीची सरासरी खोली कमरेइतकी म्हणून कोणी डोळे झाकून ती ओलांडत नाही."

घर सरासरीवर चालत नाही. ते सर्वांत वाईट महिन्यावर चालते. जुलै-ऑगस्टात कोकणातले ऊन सुमारे साडेतीन युनिटांच्या घरात उतरते, माणात साडेचाराच्या. आणि तेही एकसारखे नव्हे. कोकणात झड लागली की तीन-चार दिवस सूर्य कसला तो दिसत नाही. माणात आभाळ भरून येते, शेतकरी वर बघत राहतो, आणि दुपारी पुन्हा लख्ख ऊन पडते. शेतकऱ्याच्या जिवाला जे लागते तेच पॅनेलला मानवते, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

मग मी घरचा खर्च मांडला. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. नव्या पद्धतीचे, तीस वॅटमध्ये चालणारे दोन पंखे दहा तास, म्हणजे ६००. जुने पंखे पंचाहत्तर वॅट खातात. ते नेले असते तर इथेच बुडालो असतो. लहान फ्रीज ८००. दूरदर्शन आणि मोबाईल मिळून २००. मिक्सर दहा मिनिटे, ८५. एकूण १८६५ वॅट-तास, म्हणजे दोन युनिटांना थोडे कमी.

राहिले पाणी. इथे खरी गंमत झाली. मेहुण्यांच्या बोअरमध्ये पाणी तीनशे फुटांवर आहे. दोघांना रोज पाचशे लिटर वर ओढायचे, तर पंपाची झीज धरून सुमारे तीनशे वॅट-तास लागतात. आमच्या कोकणातल्या विहिरीला पाणी तीस फुटांवर. तिथे तीस वॅट-तासांत काम भागते. दहापट फरक! कोकणात ऊन कमी, पण पाणी हाताशी. माणात ऊन भरपूर, पण त्यातले बरेचसे पाणी वर काढण्यातच जाते. मेहुणे हे ऐकून म्हणाले, "दाजी, ते म्या तुमाला वहीबिगार सांगितलं असतं. हितं ऊन फुकट हाय, पर पाणी इकत घ्यावं लागतंय." आणि ते खरेच होते; उन्हाळ्यात बोअर आटली की वस्तीवर टँकर येतो.

पॅनेलवर जे लिहिलेले असते, त्यातले सुमारे तीस टक्के उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरी यांत जाते असे धरले. हिशेब असा निघाला: माणात सातशे वॅटची पॅनेले हवीत, कोकणात पावणेआठशेची. हल्ली बाजारात पाचशे चाळीस वॅटचे एक पॅनेल सर्रास मिळते. म्हणजे इकडेही दोन आणि तिकडेही दोनच! ज्या फरकावर आम्ही दोन वर्षे भांडलो, तो पॅनेलांच्या संख्येत उरलाच नव्हता.

तो उरला होता तीन गोष्टींत: बॅटरीत, सावलीत आणि माणसांत.

बॅटरीचे आधी सांगतो. सूर्य नसताना किती दिवस काढायचे, त्यावर बॅटरी ठरते. दिवे, फ्रीज आणि मोबाईल एवढेच चालवायचे म्हटले, तरी रोज अकराशे वॅट-तास लागतात. माणात दोन दिवसांची तरतूद पुरेशी, कोकणात चारांची हवी. म्हणजे तिकडे अडीच युनिटांची बॅटरी, तर इकडे पाचांची. मला मिळालेल्या दरपत्रकात पॅनेले अठ्ठावीस हजार, इन्व्हर्टर पस्तीस हजार, सांगाडा आणि तारा पंचवीस हजार असे होते. नव्या लिथियमची बॅटरी अडीच युनिटांची पन्नास हजार आणि पाच युनिटांची नव्वद हजार. शिशाची जुनी बॅटरी स्वस्त पडते. पण ती निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते, आणि तिला वेळच्या वेळी शुद्ध पाणी पाजावे लागते. वाचकांनी ध्यानात ठेवावे: ऊन फुकट मिळते, पैसे पडतात ते रात्रीचे.

याच मुद्द्यावर बिहारमधल्या धरणईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जहानाबाद जिल्ह्यातल्या या गावात २०१४ साली गावापुरते सौर वीजकेंद्र मोठ्या थाटाने सुरू झाले. काही वर्षांतच बॅटऱ्या निकामी झाल्या, तोवर सरकारी वीजही गावात पोचली, आणि ते केंद्र बंद पडले. उलट गुजरातेत मोढेरा (ऑक्टोबर २०२२) आणि आपल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी (ऑगस्ट २०२४) ही सौरग्रामे म्हणून जाहीर झाली. मान्याचीवाडी साऱ्या महाराष्ट्रात पहिली. तिथली घरे तारेला जोडलेली आहेत. दिवसा वीज द्यायची, रात्री घ्यायची. त्यामुळे बॅटरीचा भार घराघरावर पडत नाही.

मग आपणही तसेच का करू नये? २०२४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत तारेला जोडलेल्या घरगुती पॅनेलांना अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान ठरले आहे, हेही खरे. शहरात राहणाऱ्याने तेच करावे. पण त्यात एक मेख आहे. डोंबिवलीतल्या आमच्या एका स्नेह्यांनी बंगल्यावर पॅनेले बसवली. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, तर ह्यांचाही पंखा बंद! डोक्यावर रणरणते ऊन, गच्चीवर पॅनेले आणि खाली गृहस्थ घामाघूम. त्यांना वाटले, फसवणूक झाली. फसवणूक नव्हे, तारेला जोडलेला साधा इन्व्हर्टर तार मेली की आपणही मुकाट्याने बंद होतो. नाहीतर घरातली वीज उलटी तारेत शिरून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव घेईल. ज्याला अंधारातही उजेड हवा त्याने बॅटरी आणि त्या जोगा इन्व्हर्टर घ्यावाच लागतो.

या शोधात एक तिसरे ठिकाणही डोकावून गेले. महाबळेश्वराच्या पायथ्याला, कोयनेच्या बाजूच्या एका खोऱ्यात जागा विकाऊ होती. दलालाने डिसेंबरात नेले. काय ते पाणी, काय ती झाडी! सौ. विरघळली. पण मी सकाळी सातपासून घड्याळ घेऊन बसलो, तर पूर्वेच्या डोंगरामागून सूर्य वर यायला साडेआठ वाजले आणि संध्याकाळी साडेचारला तो पश्चिमेच्या डोंगराआड गेलासुद्धा. नकाशावर बोट ठेवून हे डोंगर नेहमी नीट दिसतात असे नाही; जागेवर बसूनच कळते. पुन्हा जुलैत एकटा गेलो. राखणदाराच्या झोपडीवर हातभर लांबीचे एक पॅनेल होते. "किती दिवस दिवा नाही?" असे विचारले, तर म्हणाला, "आखाड लागल्यापासनं." धुक्यात त्याचा चेहराही धड दिसत नव्हता. खेड्यात जागा घेणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: डिसेंबरात जागा आवडली तर जुलैत पुन्हा जा, आणि जुलैत आवडली तर एप्रिलात विहीर बघून या.

आता सावलीचे. पॅनेलमधल्या चकत्या एका माळेत ओवलेल्या असतात. रहाटगाडग्याचे एक गाडगे अडकले की सारा रहाट अडतो, तशी एका चकतीवर सावली पडली की तिच्याबरोबर शेजारच्या कितीतरी चकत्या मंदावतात. माणात सावलीचा प्रश्नच नव्हता. तिथे माणसालाही सावली मिळत नाही. तिथे त्रास धुळीचा आणि तापण्याचा. पॅनेलला ऊन हवे पण ताप नको. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला तीन-चार हजारांश वीज कमी होते, आणि एप्रिलात काच साठ अंशांवर तापली की सातवा-आठवा हिस्सा तिथेच जातो. म्हणूनच लडाखच्या थंडगार, निरभ्र हवेत ही पॅनेले अशी खुलतात.

कोकणात धूळ पाऊस धुऊन नेतो, पण नानांचा फणस दक्षिणेला उभा होता. आमच्याकडे बावीस डिसेंबरला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून एकोणपन्नास अंशांवरच असतो. चाळीस फुटांच्या झाडाची सावली पस्तीस फूट पडते, आणि ती नेमकी आमच्या छपरावर. पॅनेलवाला तरुण चुणचुणीत होता. त्याने वर पाहिले, झाडाकडे पाहिले आणि सहज म्हणाला, "काका, हे काढा. मग बघा काय वीज येते ती!"

मी त्या रात्री वहीत झाड काढून हिशेब केला. हिशेब फार उत्तम येत होता. लाकडाचेही पैसे आले असते. सकाळी सौ.ला सांगितले, की फणस तोडायचा.

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही पंख्यांचे सहाशे धरलेत ना? ते फणस आहे तोवरचे आहेत. दुपारी माझ्या माहेरी पत्र्याखाली दोन पंखे लावूनही बसवत नाही. इथे मी ओटीवर एकही न लावता झोपते. झाड काढून तुम्ही वीज मिळवणार आणि ती पंख्यांत घालवणार; त्यापेक्षा पॅनेले हलवा की!"

चाळीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला मी निरुत्तर झालो. पॅनेले घरावर बसलीच पाहिजेत असे कोणत्या पुस्तकात लिहिले होते? गडग्याच्या पलीकडे आमची भाताची एक खाचरपट्टी पडीक होती; घरापासून शंभर पाऊल, दक्षिणेला मोकळी. तिथे लोखंडी सांगाडा उभा केला, अठरा अंशांच्या उतारावर पॅनेले बसवली आणि जाड तारेने वीज घरात आणली. तारेत चार-पाच टक्के गळती होते. तेवढी नानांच्या फणसाची मानवंदना समजतो. वानरांची एक टोळी पहिले आठ दिवस त्या काचेत आपले तोंड पाहायला येत असे. आता त्यांनाही नवलाई राहिली नाही.

असे दापोली ठरले. सौ.चे माहेर आम्ही सोडले नाही, उलट हिशेबात धरले. आषाढ-श्रावणात कोकणात अंधार, तेव्हा ते दोन महिने आम्ही माणात काढायचे. तिथे मेहुण्यांच्या वस्तीवर दोन पॅनेले आधीच आहेत. लेकीने श्रावणात माहेरी जावे ही रीतच आहे. साठीत ती पाळायला मिळणार म्हणून सौ. खुशीत होती. आणि पावसाळ्यात इथे राहायचेच नाही, तर पाच युनिटांच्या बॅटरीऐवजी अडीचांची पुरेल. चाळीस हजार वाचले! हा तोडगा मला इतका आवडला की तो मी मुलालाही फोनवर समजावून सांगितला.

२०२३च्या दिवाळीआधी सारे उभे राहिले. गावची तार आम्ही तोडली नाही; दारात आलेली वीज हौसेखातर नाकारण्यात शहाणपण नाही. पण ती गेली की आमच्या घरात दिव्याची ज्योतसुद्धा हलत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नेमकी वाडीची वीज गेली. पणत्या होत्याच, त्यामुळे कोणाचे अडले नाही. पण थोड्या वेळाने शेजारच्या वहिनी खळ्यात आल्या. हातात फराळाचे ताट होते आणि ताटाखाली एक लहानसा डबा. म्हणाल्या, "ह्यांचे इंजेक्शन आहे. रात्रीपुरते तुमच्या फ्रीजमध्ये ठेवाल?" डबा राहिला तो राहिलाच. माघापर्यंत आणखी दोन घरांतले डबे आले. सौ.ने प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नावे लिहिली आणि फ्रीजचा वरचा कप्पा त्यांना दिला. तिथे माझे श्रीखंड ठेवायला तेव्हापासून बंदी आहे.

आणि मग आषाढ जवळ आला. आमची बांधाबांध सुरू झाली, तेव्हा सौ. फ्रीजपुढे उभी राहून म्हणाली, "अहो, आपण जाणार, फ्रीज बंद करणार. मग यांचे काय?"

माझ्या सगळ्या हिशेबात हा आकडाच नव्हता. ज्या महिन्यांत वाडीची वीज हमखास जाते, त्याच महिन्यांसाठी मी आमचे घर बंद ठेवायचे ठरवले होते. २०२०चा तो चिखल, ती पिशवी, आणि आपला फ्रीज न मागता उघडून देणारे ते गृहस्थ, हे सारे मी अवघ्या चार वर्षांत विसरलो होतो.

किल्ली वहिनींकडे दिली. फ्रीज तेवढा चालू ठेवला. नुसत्या फ्रीजला रोज आठशे वॅट-तास. अगदी काळ्या दिवशीही पॅनेले थोडे देतातच. अडीच युनिटे चार-पाच दिवस सहज पुरतील, असा हिशेब करून आम्ही माणला गेलो.

जुलैत कोकणात झड लागली आणि तार तुटली. मी रोज सकाळी फोन करी. पहिल्या दिवशी सत्तर टक्के. दुसऱ्या दिवशी शेहेचाळीस. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ती तुमची बॅटरी बावीस दाखवत्ये." माझ्या पायांखालची जमीन सरकली. इतकी वीज जाते कुठे? माणच्या लख्ख उन्हात, मेहुण्यांच्या ओसरीवर बसून मी वही पुन्हा पहिल्यापासून तपासली, तेव्हा चूक सापडली. इन्व्हर्टर स्वतःच पंचवीस वॅट खातो; रात्रंदिवस. चोवीस तासांचे सहाशे वॅट-तास! फ्रीजच्या पाऊणपट खाणारा हा पाहुणा मी खर्चात धरलाच नव्हता. विद्यार्थ्याने अशी चूक केली असती, तर त्याला मी बाकावर उभे केले असते.

ती रात्र आम्ही दोघांनीही जागून काढली. जनित्रवाले गृहस्थ आता मुंबईला मुलाकडे असतात. चौथ्या दिवशी दुपारी बाराला वहिनींचाच फोन आला. "भाऊ, ऊन पडलंय हो! आकडा वर चढतोय. एकतीस झाला." सौ. ते ऐकून आत गेली आणि देवापुढे दिवा लावून आली. मी मेहुण्यांना म्हणालो, की सूर्यालाच दिवा दाखवण्याचा प्रकार झाला हा. ते हसले नाहीत. म्हणाले, "दाजी, चाळीस हजारांचं काय ते बगा आता."

ते मी पाहिले. गणपतीला परत आल्यावर बॅटरीचा दुसरा अडीच युनिटांचा भाग बसवला. वाचवलेले चाळीस हजार गेलेच, शिवाय सुटी घेतली म्हणून दहा हजार जास्त पडले. पुढच्या आषाढात आम्ही पुन्हा माणला गेलो. पण या वेळी आकडा साठाच्या खाली उतरला नाही आणि मी रात्री झोपलो.

आता कोणी मला विचारतात, सोलरवर राहायला कोणते खेडे चांगले? मी त्यांना ऊन सांगतो, पाऊस सांगतो, विहिरीची खोली आणि डोंगराची उंची मोजायला सांगतो. वर्षातला सर्वांत वाईट आठवडा धरून हिशेब करा, इन्व्हर्टरचे पंचवीस वॅट विसरू नका, हेही सांगतो. आणि शेवटी, तुम्ही घरात नसताना आकडा वाचून फोनवर सांगणारे कोणी शेजारी आहे का, ते पाहा म्हणतो.

हा लेख लिहीत असताना दिवाळीची झाडलोट चालू आहे. सौ.ने फ्रीज पुसून घेतला आणि डबे पुन्हा लावले. या वर्षी चौथा डबा आला आहे, त्यामुळे दुसऱ्या कप्प्यातही श्रीखंडाला जागा उरलेली नाही. ते माठात टिकेल का, असे मी विचारले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, "माणात टिकले असते!"